वाकळीत फिके रंग घालावेत की नाही?

धावदोरा : वाकळ म्हटली की सोलापुरात आपण तांबडा, हिरवा, जांभळा असे ठसठशीत रंगच निवडतो आणि फिके रंग बाळाच्या दुपट्यापुरते ठेवतो, हे मला पटत नाही. वाकळीचे खरे देखणेपण टाक्यांत असते. गडद फुलाफुलांच्या कापडात धावदोरा बुडून जातो. मोतिया किंवा पिस्ता रंगाच्या सुती कापडावर मात्र टाक्याशेजारी उठलेला फुगवटा आणि त्याची बारीक सावलीसुद्धा दिसते.

साखरपेठकर : टाक्यांचे मान्य, बाकीचे नाही. गेल्या वर्षी मी अबोली, आकाशी, लिंबू आणि पिस्ता अशा चार फिक्या रंगांची चौकड्यांची वाकळ शिवली. मांडीवर घेतली की ती सुरेख दिसे, पण दारातून पाहिली की विटलेली एकरंगी चादर वाटे. रंग चार असले, तरी उजळपणा चौघांचा एकच होता. आपली जॅकार्डची चादर पाहा : एका बाजूला गडद जमिनीवर फिकी उमटलेली नक्षी उलट्या बाजूला फिक्या जमिनीवर गडद होते. दोन रंगांत अंतर आहे, म्हणूनच तिच्यावरचा मोर मोर दिसतो.

धावदोरा : हा दोष फिक्या रंगांचा नाही, निवडीचा आहे. तुकडे जोडण्यापूर्वी ते जमिनीवर मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा आणि त्यात जे दोन तुकडे सारखेच राखाडी दिसतील, ते शेजारी लावू नयेत. काठाला एखादी गडद जांभळी पट्टी दिली, तर माझी काहीच हरकत नाही.

रंगणीतला : सूत रंगवण्याच्या कामात उमेदीची वर्षे गेली, म्हणून मध्येच बोलतो. चित्रकार रंगात पांढरा मिसळून तो फिका करतो. सुताच्या रंगणीत मिसळायला पांढरा रंग नसतोच. रंगद्रव्य कमी घालायचे आणि सुताचा स्वतःचा पांढरेपणा आतून दिसू द्यायचा, एवढेच हाती असते. त्यामुळे आधीचे ब्लीचिंग चोख नसेल, तर गुलाबी हमखास मळकट येतो. दुसरे असे, की एकाच रंगद्रव्याची फिकी छटा गडद छटेपेक्षा उन्हात लवकर उडते, आणि आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन काय असते, हे मी सांगायला नको. फिकी वाकळ उलटी करून सावलीतच वाळत घालावी.

साखरपेठकर : म्हणजे माझ्याच बाजूचे झाले! आमच्या आजीची वाकळ जुन्या लुगड्यांची होती. पदर विटलेला आणि निऱ्यांच्या आतला भाग अजून गडद, त्यामुळे एकाच लुगड्यातून चार छटा आपसूक मिळत. तेच दुकानातून पिस्ता रंग मीटरवर आणून मुद्दाम कापत बसणे मला वाकळीच्या स्वभावाविरुद्ध वाटते.

धावदोरा : लुगडी आता आणायची कोठून? माझ्या कपाटात सगळ्या पॉलिएस्टरच्या साड्या आहेत. त्यांच्यावर कात्री सरकते, टाका बसत नाही आणि वीस वर्षे झाली तरी त्या विटायचे नाव घेत नाहीत.