‘कंडेन्सर गेला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : व्हॉल्व्हच्या (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या) हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, ॲम्प्लिफायरमधले हायव्होल्टेजचे फॉल्ट कसे शोधायचे, यावर मराठीत टिपण लिहितोय. शॉर्ट, लीकेज, आर्क, आमच्याकडे सगळ्यालाच ‘शॉर्ट’ म्हणतात आणि कुठलाही पार्ट बिघडला की तो ‘गेला’. वेगळे शब्द हवेत का?

उत्तर : हवेतच. ‘गेला’ इथे घात करतो. हीथकिट कंपनीच्या एसबी-२२० या ॲम्प्लिफायरचं घ्या. व्होल्टेज दुप्पट करणारं डबलर सर्किट, वीज साठवणारे ८ कंडेन्सर सिरीजमध्ये, चार-चारांचे दोन गट, प्रत्येक कंडेन्सरवर एक ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे बंद केल्यावर कंडेन्सर हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर. सुमारे ३००० व्होल्टची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला ३७५. एक कंडेन्सर शॉर्ट झाला तर त्याच गटातल्या तिघांवर ५००-५०० येतात, आणि ते असतात ४५० चे! ब्लीडर ‘गेला’ तर तो बहुधा ओपन होतो, म्हणजे त्यातून करंट जाणंच थांबतं. मग त्याचा कंडेन्सर बंद केल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो. एकाच शब्दात दोन उलट गोष्टी.

दुसरं उत्तर : लीकेजला ‘गळती’ छान बसतो, पण आर्कला गळती म्हणू नका. गळती सतत चालते, ठिणगी ठरावीक व्होल्टेजलाच पडते. मल्टिमीटर मोजक्याच व्होल्टांवर रेझिस्टन्स मोजतो, त्यामुळे सगळं ठीक दाखवतो. एका जुन्या सेटमध्ये मला आठवडाभर फॉल्ट सापडेना. शेवटी रात्री खोलीतले दिवे घालवले, झाकण लावलेलंच ठेवलं आणि जाळीतून पाहत बसलो. टक् आवाज आला, निळा उजेड दिसला. दुसऱ्या दिवशी बेकलाइटच्या टॅगबोर्डवर (पार्ट ज्यावर जोडतात त्या पट्टीवर) केसाएवढी काळी रेघ सापडली. तिला मी ‘काजळीची वाट’ म्हणतो. नुसती पुसून ती जात नाही, बोर्डच बदलावा लागला.

तिसरं उत्तर : ‘फॉल्ट काढला’सुद्धा जपून वापरा. सापडला की दुरुस्त झाला, कळत नाही. मी ‘पकडला’ आणि ‘दुरुस्त केला’ लिहितो. आणि ‘बंद’ म्हणजे ‘रिकामा’ नव्हे, हे ठळक लिहा. एसबी-२२० चे आठही कंडेन्सर मिळून होणारे २५ मायक्रोफॅरड ३००० व्होल्टला भरले की ११२ ज्यूल होतात, जीव घ्यायला पुरेसे.

प्रश्नकर्ता : पटलं. ‘बंद करा’ होतं तिथे सगळीकडे ‘बंद करा, प्लग काढा, थांबा, मग अर्थिंगला जोडलेल्या दांडीने प्रत्येक कंडेन्सर रिकामा करा’ असं केलंय. ब्लीडर ओपन झाला याला ‘तुटला’ चालेल?

पहिलं उत्तर देणारे : चालेल. फक्त ‘आतून तुटला’ लिहा. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो.