जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड रेस कमी केली की बंद पडतं – मदत हवी आहे

धागाकर्ता

इंजिन बोटीच्या मागे बाहेरून लावायचं, २५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. एकच कार्ब्युरेटर, सीडीआय (कपॅसिटरवर चालणारं इलेक्ट्रॉनिक) इग्निशन, दोरी ओढून सुरू होणारं. पेट्रोल बाहेरच्या टाकीतून, ऑईल हाताने मिसळून.

थंड इंजिन चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू होतं. अर्ध्या रेसच्या वर छान चालतं, पूर्ण रेसला ताकदही नेहमीइतकी लागते. रेस खाली आणली की आधी मिसिंग करतं, मग दहा-पंधरा सेकंदांत बंद. गिअर टाकला तर त्याहून लवकर. मधूनच कार्ब्युरेटरच्या तोंडातून शिंकल्यासारखा आवाज येतो.

प्लग नवे टाकले, पेट्रोल ताजं भरलं, ऑईल ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. फरक नाही. स्लोचा (रेस सोडल्यावरची गती ठरवणारा) स्क्रू आत घेऊन रेस वाढवली तर चालू राहतं, पण मग गिअर टाकताना जोरात खटका बसतो. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

स्लोचा स्क्रू आधी होता तिथे परत आणा. रेस वाढवून चालवलं की दोन गोष्टी बिघडतात. एक, जास्त रेसवर गिअर टाकला की डॉग क्लचचे (गिअर पकडणाऱ्या दातांचे) कोपरे झिजतात आणि पुढे गिअर आपोआप सुटायला लागतो. दोन, बटरफ्लाय (कार्ब्युरेटरमधली रेसची झडप) पूर्ण बंद होत नाही. मग तिच्या कडेची बारीक छिद्रं उघडी पडतात, इंजिन तिथून पेट्रोल ओढतं आणि मूळ दोष कुठे आहे ते कळेनासं होतं.

मिक्श्चर स्क्रूलाही (स्लोला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या) अजून हात लावू नका. आधी एवढं करून सांगा :

१. इंजिन बंद पडायला लागलं की प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या पाइपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबत राहा. त्याने सावरलं तर दोष पुरवठ्यात : टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू, पाइपच्या कनेक्टरमधली ओ-रिंग, फिल्टर किंवा पेट्रोल पंप.

२. तसंच बंद पडत असताना चोक पाव-अर्धा ओढा. रेस चढली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय : स्लो जेट (स्लोला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) तुंबलाय किंवा कुठून तरी एअर घेतंय. रेस न चढता धूर वाढून बंद पडलं तर गोष्ट वेगळी आहे.

३. वरचं कव्हर काढून चालवा. कव्हर काढल्यावर नीट चालत असेल तर एक्झॉस्टचं पॅकिंग आतून फुटलंय आणि इंजिन स्वतःचाच धूर ओढतंय. ही तपासणी फुकटची आहे, तरी बहुतेक जण ती सोडून थेट कार्ब्युरेटर खोलतात.

४. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. दोन्ही प्लग बाहेर, वायरी बॉडीला अर्थ केलेल्या, रेस पूर्ण उघडी. आकडा किती यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जायला हरकत नाही.

पाण्याशिवाय एक क्षणही चालवू नका. वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की जळायला अर्धा मिनिटही पुरतं. पिंपात चालवणार असाल तर पंखा (प्रॉपेलर) काढून ठेवा.

प्रतिसाद २

जास्त रेसला सगळं चांगलं चालतं आणि स्लोला बंद पडतं म्हणजे दहापैकी आठ वेळा स्लो जेटच असतो. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. जुन्या पेट्रोलचा डिंक आधी तिथेच बसतो, मेन जेटला काही होत नाही.

कार्ब्युरेटर उतरवाल तेव्हा मिक्श्चर स्क्रू आधी हळूच आत टेकवून किती फेरे होतात ते लिहून ठेवा, मगच बाहेर काढा. रबर आणि प्लास्टिकचे भाग वेगळे काढल्याशिवाय बॉडी क्लीनरमध्ये बुडवू नका. छिद्रात ड्रिल किंवा स्टीलची तार घालू नका, पितळ लगेच खरवडतं. क्लीनर आणि दाबाची हवा एवढंच वापरा. प्रत्येक छिद्रातून फवारा पलीकडे निघताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. बटरफ्लायवरची बारीक छिद्रं वरून एका चकतीने झाकलेली असतात, तिच्याखालीही घाण साठते.

प्रतिसाद ३

ऑईल कमी पडत असेल. ४०:१ करून पाहा.

प्रतिसाद १

नको. ऑईल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी पातळ होतं आणि प्लगही लवकर काळे होतात. इंजिन ५०:१ साठी बनलेलं असेल तर ५०:१च ठेवा, ऑईल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच्या) दर्जाचं.

धागाकर्ता

सगळं करून पाहिलं.

बल्ब दाबून फरक नाही. चोक ओढला तर रेस चढत नाही, धूर वाढतो आणि लवकर बंद पडतं. कव्हर काढूनही तसंच. कॉम्प्रेशन वरच्या सिलिंडरचं १०५, खालच्याचं १०२ पीएसआय. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, स्लो जेटमधून आरपार उजेड दिसतो, पॅकिंग नवं टाकलं. तरीही फरक नाही. एक लक्षात आलं : वरचा प्लग तपकिरी, खालचा ओला.

प्रतिसाद १

आता चित्र बदललं. कार्ब्युरेटर एकच आहे, तो दोन्ही सिलिंडरना सारखंच मिश्रण देतो. स्लो जेट तुंबला असता तर दोन्ही प्लग सारखे दिसले असते. एकच ओला म्हणजे दोष कार्ब्युरेटरच्या पुढे, फक्त खालच्या सिलिंडरच्या वाटेवर.

खात्री करून घ्या. इंजिन रेस कमी ठेवून, जेमतेम चालू राहील इतपत, चालू ठेवा आणि एकेका प्लगची वायर अर्थ करा. वायर नुसती ओढून हवेत सोडू नका. सीडीआयचा विजेचा दाब जायला वाट मिळाली नाही की कॉइल किंवा सीडीआयचा पॅक खराब होतो. वरची अर्थ केल्यावर इंजिन लगेच पडेल. खालची अर्थ करून काहीच फरक पडला नाही, तर स्लोला तो सिलिंडर मेलेलाच आहे आणि एका सिलिंडरवर इंजिन तग धरत नाही, एवढीच तुमची तक्रार.

मग ठिणगी. गॅप टेस्टर (ठिणगी किती फट ओलांडते ते दाखवणारं साधन) ८ ते १० मिमीवर लावून दोरी ओढा. दोन्हीकडे निळी, कडक ठिणगी उडाली पाहिजे. प्लग नुसता बॉडीला टेकवून पाहू नका. त्याच्या गॅपमध्ये कमजोर ठिणगीही उडते आणि कॉम्प्रेशनच्या दाबाखाली तीच विझते. खालची कमजोर दिसली तर कॉइलची अदलाबदल करा. दोष वर सरकला तर कॉइल, नाही तर सीडीआय किंवा फ्लायव्हीलखालची कॉइल.

धागाकर्ता

खालची अर्थ केली, काहीच फरक नाही. ठिणगी दोन्हीकडे सारखी, टेस्टरवर १० मिमी उडते.

प्रतिसाद ४

ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, प्लग ओला आहे. तीन जागा उरतात.

पहिली, पेट्रोल पंपाचा पडदा. पंप क्रँककेसच्या (क्रँकभोवतीच्या बंद कप्प्याच्या) दाबावर हलतो. पडदा फाटला की कच्चं पेट्रोल त्या दाबाच्या छिद्रातून थेट एकाच सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये जातं. मोठ्या रेसवर ते जळून जातं, स्लोला प्लग भिजवतं. पंपाचे स्क्रू काढून तो पाइपसकट बाजूला घ्या आणि बल्ब कडक होईपर्यंत दाबा. मागच्या दाबाच्या छिद्रातून पेट्रोलचा थेंबही येता कामा नये.

दुसरी, क्रँककेसच्या तळाशी साठणारं पेट्रोल परत वर नेणाऱ्या बारीक नळ्या. स्लोला मिश्रणातलं बरंचसं पेट्रोल तळाशी बसतं. नळी किंवा तिच्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह तुंबला की तळं साचतं, आणि त्याचा त्रास सहसा खालच्याच सिलिंडरला होतो. नळ्या काढून फुंकून पाहा : एका दिशेने हवा गेली पाहिजे, उलट दिशेने नाही.

तिसरी, आणि माझा कल हिच्याकडेच आहे, रीडच्या पट्ट्या, म्हणजे मिश्रण क्रँककेसमध्ये आत सोडणाऱ्या पण उलटं न जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या. पट्टीचा कोपरा तुटला की पिस्टन खाली येताना क्रँककेसमध्ये दाब धरत नाही. मिश्रण वर सिलिंडरमध्ये चढायचं सोडून उलटं कार्ब्युरेटरकडे फेकलं जातं. तुम्हाला ऐकू येणारी शिंक तीच असू शकते. रेस जास्त असताना परत फिरायला वेळच मिळत नाही, म्हणून वर सगळं ठीक वाटतं. कार्ब्युरेटरसमोरचं सायलेन्सर झाकण काढा, तोंडापासून चार बोटांवर कोरडा पांढरा कागद धरा आणि रेस कमी करा. हात आणि बाही फ्लायव्हीलपासून लांब. कागद पेट्रोलने ठिपकत गेला तर रीड खोला. तोंडाशी थोडी वाफ घुटमळणं चालतं, थेंब उडणं चालत नाही.

क्रँकचं खालचं ऑईल सील हीसुद्धा शक्यता आहे, पण सील गेलं की त्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं आणि प्लग कोरडा, पांढरट दिसतो. तुमचा ओला आहे, म्हणून त्यासाठी इंजिन उतरवायची घाई नको.

धागाकर्ता

पंप कोरडा, नळ्या मोकळ्या. कागदावर थेंब स्पष्ट आले. इनटेक उतरवला, खालच्या रीडच्या एका पट्टीचा कोपरा साधारण ४ मिमी तुटलेला आहे. बाकीच्या चांगल्या दिसतात. एकच पट्टी बदलू का? की बाकीच्या उलट्या करून लावू?

प्रतिसाद ४

उलट्या अजिबात लावू नका. स्टीलची पट्टी एका बाजूला लाखो वेळा वाकलेली असते. उलटी केली की सुरुवातीला छान टेकते आणि पुढे मुळाशी तडकते. दोन्ही सिलिंडरच्या सगळ्या पट्ट्या एकदम बदला, त्यांचं वय सारखंच आहे.

त्याआधी तुटलेला तुकडा शोधा. तो क्रँककेसमधून वर जाऊन एक्झॉस्टने बाहेर पडला असेल, पण गृहीत धरू नका. इनटेकच्या तोंडातून टॉर्च मारून क्रँककेसचा तळ बघा, लोहचुंबक दोरीला बांधून फिरवा. मग प्लगच्या छिद्रातून पिस्टनचं डोकं आणि सिलिंडरची भिंत बघा. उभे ओरखडे दिसले तर हेड उघडावं लागेल. कॉम्प्रेशन १०२ आहे, म्हणजे फार इजा झालेली दिसत नाही.

पट्टी ज्या बैठकीवर टेकते ती नखाने तपासा. खाच असेल तर नवी पट्टीही गळेल. नवीन पट्टी बसवल्यावर टोकाशी फट किती चालते ते मॅन्युअलमध्ये असतं. बऱ्याच छोट्या इंजिनांत मर्यादा ०.२ मिमी आहे. पट्टी बोटाने दाबून किंवा वाकवून फट कमी करायची नाही. वरच्या स्टॉपरची (पट्टीला जास्त उघडू न देणाऱ्या पत्र्याची) उंचीही मोजा, तो जास्त उघडा असेल तर नवी पट्टीही लवकर तुटते. स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद) लावा, कारण सुटलेला स्क्रू थेट क्रँककेसमध्येच जातो. इनटेकचं पॅकिंग नवं, बोल्ट मधून बाहेर, समोरासमोरचे, दोन टप्प्यांत आवळा.

प्रतिसाद १

सेटिंग नाव पाण्यात, धक्क्याला बांधून, पंखा लावून आणि पुढचा गिअर टाकून करा. पिंपात किंवा न्यूट्रलमध्ये लावलेला स्लो पाण्यात टिकत नाही. इंजिन आधी पाचेक मिनिटं गरम होऊ द्या.

मिक्श्चर स्क्रू हळूच टेकवून तुम्ही लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. आकडा नसेल तर सव्वा ते दीड फेरा बाहेर हा सुरुवातीला चालतो. मग एका वेळी फक्त अष्टमांश फेरा फिरवा आणि पंधरा-वीस सेकंद थांबा, कारण क्रँककेसमधलं जुनं मिश्रण संपेपर्यंत बदल कळत नाही. पातळ झालं की शिंकतं आणि झटकन पडतं, जाड झालं की घरघरत, धूर करत हळूहळू पडतं. या दोहोंच्या मधली जागा शोधून तिथून थोडं जाडच्या बाजूला ठेवा, म्हणजे रेस अचानक उघडली तरी अडखळणार नाही. आत फिरवल्यावर पातळ होतं की जाड, हे स्क्रू हवेचा आहे की पेट्रोलचा यावर ठरतं. ते पहिल्या दोन-तीन फिरवण्यांतच कळेल.

सगळ्यात शेवटी स्लोचा स्क्रू : गिअरमध्ये ६५० ते ७५० आरपीएम. न्यूट्रलला त्याहून दीडशे-दोनशे जास्त दिसेल, ते बरोबर आहे. रेसची केबल स्लोला किंचित सैल ठेवा. ती ताणलेली असेल तर बटरफ्लाय कधीच पूर्ण मिटणार नाही.

धागाकर्ता

तुकडा चुंबकाला लागला, इनटेकच्या तळाशीच अडकला होता. भिंतीवर ओरखडे नाहीत. नव्या पट्ट्या टाकल्या, मिक्श्चर १ फेरा आणि एक अष्टमांशावर बसलं. गिअरमध्ये ७०० वर स्थिर आहे, कागदावर थेंब नाहीत, खालची वायर अर्थ केली की आता इंजिन पडतं. खालचा प्लग काढून पुसून परत लावलाय. त्याचा रंग वरच्यासारखा झाला की फोटो टाकतो.

प्रतिसाद ४

फोटो टाकाल तेव्हा प्लग अर्ध्या रेसवर थोडा वेळ चालवून, तिथेच इंजिन बंद करून काढा. स्लोवर आणून बंद केलंत तर दोन्ही काळेच दिसतील.