'सकाळ' म्हणे १९८५ नंतरच वाढला!

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

कालपासून एक पोस्ट फिरते आहे. तिचा सारांश असा: नानासाहेब परुळेकरांचा 'सकाळ' हे पेठांतलं घरगुती वर्तमानपत्र होतं, १९८५ साली प्रतापराव पवारांच्या हाती आल्यावरच त्याचा खरा माध्यमसमूह झाला, आणि परुळेकरांचं कौतुक हा पुणेरी स्मरणरंजनाचा प्रकार आहे. खाली दोनशे लोकांनी अंगठे दाखवलेत. म्हणून हा धागा.

१ जानेवारी १९३२ ला अंक निघाला तेव्हा मराठी वर्तमानपत्र म्हणजे अग्रलेख, आणि उरलेल्या जागेत बातम्या. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' दैनिक होतं, 'केसरी' अजून दैनिक व्हायचा होता. परुळेकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. त्यांनी हा क्रम उलटा केला: बातमी आधी, मत नंतर. मार्केट यार्डातला भाव, नळाला पाणी न येणं, तालुक्याच्या गावचा पूल वाहून जाणं, या गोष्टी छापायच्या असतात हे त्यांनी दाखवलं. गावोगाव बातमीदार नेमले. भाषा अशी की, शाळा सोडलेल्या माणसालाही वाचता यावी. आज ज्याला 'लोकल कंटेंट' म्हणून मिरवतात, ते हेच.

आणि एक गोष्ट पोस्टवाल्याला बहुधा ठाऊकच नाही. १९६० साली केंद्राने 'किंमत आणि पानं' असा आदेश काढला. अमुक किमतीला इतकीच पानं, जास्त हवीत तर भाव वाढवा. 'सकाळ' तेव्हा ७ नया पैशांना मिळायचा आणि सहा दिवसांत मिळून ३४ पानं द्यायचा. आदेशाप्रमाणे त्याच किमतीत २४ पानं बसत होती, नाहीतर अंक ८ पैशांना विका. परुळेकर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर १९६१ मध्ये जिंकले. वर्तमानपत्राचा खप आणि आकार कमी करणं म्हणजे अभिव्यक्तीवर घाला, असा निकाल न्या. मुधोळकरांनी दिला. कायद्याच्या वर्गात तो आजही शिकवतात. घरगुती वर्तमानपत्र म्हणे!

तापीकाठ

छान लिहिलंय. आता आकडे बघू. त्याच खटल्याच्या कागदांत 'सकाळ'चा खप आहे: रोजचा ५२ हजार, रविवारी ५६ हजार. महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून! एवढ्यावर माध्यमसमूह?

आमच्या यावल तालुक्यात पुण्याचा पेपर दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीतून यायचा. तोवर त्यातला पाऊस पडून गेलेला, भाव उतरलेला. जळगावची बातमी जळगावात सकाळी सहाला वाचायला मिळाली ती जिल्हा आवृत्त्या आल्यावर. आणि त्यात आघाडी 'लोकमत'ची होती, उगाच नाकं मुरडू नका. १९७१ ला नागपुरातून दैनिक काढलं, १९८२ ला औरंगाबादेत उतरले. पुण्या-मुंबईच्या पेपरांना ज्या भागाचा नकाशाही पाठ नव्हता, तिथल्या जिल्ह्याला त्यांनी रोजचं आख्खं पान दिलं. प्रादेशिक पेपर वाढला तो असा. संपादकाच्या परदेशी पदवीने नाही.

पर्वतीपायथा

तापीकाठ, १९६१ सालचे ५२ हजार आजच्या मापाने मोजताय. तेव्हा एक अंक आख्खी आळी वाचायची. केशकर्तनालयात एकच अंक दिवसभर फिरायचा. आणि आवृत्त्यांचंच म्हणाल तर 'सकाळ'ची कोल्हापूर आवृत्ती १९८० ची आहे, पवारांच्या आधीची. मुंबईची त्याहून जुनी. तेव्हा '१९८५ नंतरच' यातला 'च' काढा, मग बोलू.

उपसंपादक_निवृत्त

दोघेही छापखान्यात कधी गेलेले दिसत नाही, म्हणून मध्ये तोंड घालतो.

आवृत्ती वाढते ती मालकाच्या दूरदृष्टीने नाही, शेवटच्या एसटीच्या वेळेने. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान रात्री आठला सोडायचं म्हणजे सोडायचं. साडेआठला पंतप्रधान जरी गेले तरी ती बातमी शहर आवृत्तीत. डाकवाल्या गावाला ती परवा कळणार. खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा जमाना होता. जुळारी उलटी अक्षरं आपल्या वाचण्याच्या दुप्पट वेगाने वाचायचा. मजकूर दोन ओळी जास्त झाला की आपल्याकडे न बघता 'साहेब, कुठल्या दोन?' एवढंच विचारायचा. तालुक्याचा वार्ताहर बातमीचं पाकीट कंडक्टरच्या हाती द्यायचा, आमचा शिपाई स्टँडवर जाऊन आणायचा. गाडी पंक्चर, तर त्या तालुक्यात त्या दिवशी काही घडलंच नाही.

ऑफसेट आलं, पानं संगणकावर लागू लागली, फॅक्स आला. मग जिल्ह्याच्या गावी छपाई करणं परवडायला लागलं. हे १९८५ च्या आसपास सगळ्यांच्याच वाट्याला आलं. ज्याच्या हाती तेव्हा पैसा होता, तो वाढला. परुळेकर ८ जानेवारी १९७३ ला गेले, ते या शर्यतीत नव्हतेच. त्यांना हरवल्याचं श्रेय घेणं आणि त्यांच्या नावाने ते नाकारणं, दोन्ही व्यर्थ.

आता मनातलं. या वाढीचा हमाल म्हणजे तालुका वार्ताहर. मी ज्या पेपरात शेवटची वर्षं काढली (नाव विचारू नका), तिथे त्याला पगार नव्हता, जाहिरातीवर कमिशन होतं. आमदाराचा वाढदिवस आला की पुरवणीचं टार्गेट. सकाळी ज्याच्याकडून शुभेच्छांची चौथाई पान जाहिरात घ्यायची, त्याच्याच वाळूच्या ट्रॅक्टरवर दुपारी बातमी कशी लिहायची? जिल्ह्याला आख्खं पान मिळालं, तापीकाठसाहेब. त्यात काय छापून यायचं तेही सांगा की.

मिरजेची_मावशी

निवृत्त साहेबांना +१. पण पेपर वाढायला एसटी, ऑफसेट काही नाही, कूपन कारणीभूत! किंमत ठरवायचं स्वातंत्र्य कोर्टाने दिलं म्हणता ना, मग त्या स्वातंत्र्याचं काय केलं? रोज एक कूपन कापा, प्रवेशिकेवर चिकटवा, हमखास भेटवस्तू. आमच्या घरी दोन पेपर यायला लागले ते वाचायला नाही, दोन प्रवेशिका भरायला.

तापीकाठ

मावशी, विषय काय, तुम्ही कुठे.

मिरजेची_मावशी

विषयावरच आहे. सासूबाई शिताने कूपन चिकटवायच्या, डिंक परवडत नाही म्हणून. एक दिवस धाकट्याने त्या कूपनमागचं कोडं सोडवायला पान फाडलं आणि घरात दोन दिवस अबोला. शेवटी मधलं एक कूपन हरवलं, तर एजंट म्हणाला, 'जुना अंक देतो, पाच रुपये.' दीड रुपयाचा अंक! मिळाली काय, तर प्लास्टिकची बादली. कडी पहिल्याच आठवड्यात हातात. पेपरचं नाव घेत नाही.

घाटावरचा_भट

बादली मिळाली म्हणजे नशीबवान. आमच्याकडे सोडतीत 'लकी' म्हणून नाव छापून आलं, वडील जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. तर म्हणे स्टॉक संपला, त्याऐवजी भिंतीवरचं घड्याळ घ्या. घड्याळावर पेपरचं नाव एवढं मोठं की काटे दिसेनात.

हलगीवाला

कूपनला नावं ठेवू नका राव. आमच्या वाडीत पहिल्यांदा घरटी पेपर आला तो त्या स्टीलच्या डब्यांमुळे. डबे आले, पेपरही राहिला. माझी आई अक्षरओळख झालेली, पण वाचनाची सवय नव्हती. कूपनचा नंबर शोधता शोधता निधनवार्ता वाचायला लागली, मग पहिलं पान. शहरात बसून हसणं सोपं आहे.

घाटावरचा_भट

म्हणजे लाच देऊन वाचक. निवडणुकीतली साडी आणि हे यात फरक काय?

हलगीवाला

फरक हा की साडी देणारा पाच वर्षं दिसत नाही, पेपरवाला रोज सकाळी सहाला दारात असतो. आणि 'लाच' शब्द जपून वापरा. माझ्या आईबद्दल बोलताय.

घाटावरचा_भट

आईबद्दल नाही, योजनेबद्दल बोललो. उगाच अंगावर घेऊ नका.

हलगीवाला

अंगावर कोण घेतंय ते वर वाचा. तुमच्या घड्याळाचं दुःख आमच्या वाडीवर काढू नका.

टिळकवाडी

पुणे, जळगाव, आता बादल्या. बेळगावचं नावच नाही, नेहमीप्रमाणे. बाबूराव ठाकूरांनी 'तरुण भारत' १९१९ ला काढला. 'सकाळ'च्या तेरा वर्षं आधी! सीमाभागात मराठी पेपर विकत घेणं म्हणजे काय असतं, ते राज्य आपलं असलेल्यांना नाही कळायचं. प्रादेशिक म्हणजे फक्त पश्चिम महाराष्ट्र काय?

मांडवीतीर

टिळकवाडींना अनुमोदन, आणि गोवाही धरा. 'गोमन्तक' मार्च १९६२ चा, मुक्तीनंतर तीन महिन्यांत. मालक चौगुले, म्हणजे खाणवाले. सार्वमताच्या वेळी, १९६७ ला, तो गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' विरोधात. निकाल सर्वांना माहीत आहे, लोकांनी विलीनीकरण नाकारलं. संस्थापक थोर की नंतरचा मालक थोर यावर तुम्ही भांडताय. आम्ही तेव्हाच पाहिलं की पेपरचा कौल आणि लोकांचा कौल वेगळे असू शकतात. जाता जाता, तो 'गोमन्तक'ही आता सकाळ समूहातच आहे.

तापीकाठ

बघा! हाच माझा मुद्दा. गोव्यापर्यंत पोचले ते नंतरच ना? परुळेकरांच्या काळात नाही.

पर्वतीपायथा

विकत घेणं आणि वाढणं एकच का? आणि १९८५ ची एवढी आरती करताना हेही सांगा की त्या हस्तांतरावरून परुळेकरांची कन्या क्लॉड-लीला कोर्टात गेल्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २००५ पर्यंत चाललं. 'नव्या नेतृत्वाने कायापालट केला' एवढ्या एका वाक्यात ते बसत नाही.

तापीकाठ

कोर्टाचा मुद्दा काढलातच, तर तुमचा लाडका १९६१ चा निकालही पूर्ण सांगा. तो आदेश आणताना सरकारचं म्हणणं होतं की बड्या पेपरांनी जास्त पानं स्वस्तात देऊन छोट्यांना मारू नये. 'सकाळ' जिंकला, ठीक. पण तो दरवाजा उघडल्यावर आत कोण शिरलं? पुढे १९७२ ला कागदाच्या कोट्याच्या खटल्यात टाइम्सवालेही त्याच रस्त्याने जिंकले. जिल्ह्याजिल्ह्यातली छोटी दैनिकं पुढे ज्या भावयुद्धात मेली, त्याचा परवाना तिथला आहे. संपादक अनंत भालेरावांच्या 'मराठवाडा' दैनिकाला औरंगाबादेत काय सोसावं लागलं, ते त्या भागातल्यांना विचारा.

उपसंपादक_निवृत्त

हा मुद्दा मात्र खणखणीत आहे. फक्त तुम्ही वर ज्यांची आघाडी कौतुकाने सांगितलीत, औरंगाबादेत १९८२ ला तेच उतरले होते. दोन्ही बाजूंनी ढोल वाजवताय.

तापीकाठ

वाजवतोय. वाचक म्हणून मला ताजा पेपर मिळाला, नागरिक म्हणून एक संपादक गेला. दोन्ही खरं आहे, काय करू?

पर्वतीपायथा

बरं, 'च' काढलात असं समजतो. सरकारने छोट्यांना वाचवायचं ढोंग करून पानं मोजायची हे मला आजही पटत नाही. आज पानं मोजली, उद्या ओळी मोजतील. पण त्या निकालाचा फायदा परुळेकरांपेक्षा मोठ्या माशांनी जास्त उचलला, एवढं घ्या पदरात. जिल्हा आवृत्त्यांचं श्रेय नागपूरकरांना देऊन टाकतो, पुणेकराकडून यापेक्षा जास्त मिळणार नाही. वार्ताहराच्या कमिशनचं श्रेय कुणी घेत असेल तर पुढे या.

मिरजेची_मावशी

ते कुणी नाही येणार. हलगीवाले, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आणि भटांनी आधी माफी मागावी, घड्याळाचं नंतर बघू.

घाटावरचा_भट

'लाच' शब्द मागे. 'प्रोत्साहनपर भांडी' म्हणतो. चालेल?

हलगीवाला

चालेल. डबे अजून वापरात आहेत, ये बघायला.