आई-वडील सांगलीत, मुले परगावी : देखरेखीसाठी पगारी माणूस नेमावे का?

विश्रामबागकर (सध्या बेंगळुरू):
वडील ७८ वर्षांचे असून त्यांना इन्सुलिन सुरू आहे, आई गुडघ्यांमुळे जिना टाळते आणि घरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत दिवसपाळीची मावशी येते. माझे म्हणणे एवढेच की, सेवा करणारी व्यक्ती आणि तिच्या कामावर लक्ष ठेवणारी व्यक्ती एकाच ब्युरोची नसावी. नोंदवहीच्या पानांचे फोटो मागवले, तेव्हा आठवडाभर रक्तदाब रोज १३०/८० होता आणि सगळे आकडे एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसत होते. तक्रार केल्यावर ब्युरोच्याच पर्यवेक्षकाने ‘सर्व व्यवस्थित’ असे कळवले. मिरजेसारखे वैद्यकीय सेवेसाठी नावाजलेले गाव इतके जवळ असताना, आठवड्यातून एकदा घरी येऊन औषधे, साखर आणि पायांच्या जखमा तपासणारी स्वतंत्र परिचारिका पैसे मोजून का नेमू नये?

गावभागातील शेजारी:
मी असहमत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावरून उतरवून घ्यायला गल्लीतलीच मुले धावली होती. दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत दाराला लटकलेली दिसली, तर आम्ही बेल वाजवतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या परिचारिकेला ती पिशवी दिसणारच नाही. शिवाय स्वतःच्या घरात सतत तपासणी होत असल्याची भावना वडिलधाऱ्यांना सहन होत नाही.

मिरजेतील परिचारिका:
मी हेच काम करते. शेजाऱ्यांना दाराची पिशवी दिसते, पण ते फ्रीज उघडत नाहीत. एका घरी इन्सुलिनची कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली आढळली. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. एकदा गोठले की ते वितळल्यावरही वापरता येत नाही. त्या घरी साखर उतरत नव्हती आणि सगळे आजोबांच्या चोरून गोड खाण्याला दोष देत होते! परिचारिका नेमताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक अवश्य पाहावा. मात्र मावशीवर पाळत ठेवण्यासाठी मला बोलवू नये. बारा तासांच्या पाळीत स्वयंपाकापासून अंघोळीपर्यंत सगळे करणाऱ्या त्या बाईला रक्तदाबाचे यंत्र कोणी नीट शिकवले होते का, हा प्रश्न आधी विचारावा.

तासगावचे एक ज्येष्ठ:
वडिलांना कोणी विचारले का? माझ्या साखरेचा अहवाल मुलाच्या फोनवर आधी जाणार असेल, तर मी त्या बाईंना दारातूनच परत पाठवीन. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांसमोर निर्वाहभत्ता मागण्याची सोय केली, पण घरात कोणाला येऊ द्यायचे हे आम्हीच ठरवणार.

विश्रामबागकर:
अहवाल आधी वडिलांच्या हाती पडावा, हे मान्य. मावशींना यंत्र शिकवण्याचे कामही परिचारिकेकडेच देता येईल. शेजाऱ्यांकडे एक किल्ली राहील, पण जागेवर बोट ठेवून चूक सांगणारे प्रशिक्षित माणूस हवेच, या मतावर मी ठाम आहे. मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले, तर दाखल करताना सही कोण करणार, हे मात्र अजून ठरलेले नाही.

गावभागातील शेजारी:
सही करायला शेजारी येईल. अनामत रकमेची सोय आणि विम्याची कागदपत्रे कोणत्या कपाटात आहेत, हे तुम्ही आधी सांगून ठेवा.