अनुभव धागा: गल्लीतलं छोटं इटालियन हॉटेल

कोथरूडकर
परवा आईची पंच्याहत्तरी झाली, थाळी नेहमीचीच होते म्हणून या वेळी तिला घरामागच्या गल्लीतल्या सहा टेबलांच्या इटालियनमध्ये नेलं. रिसोट्टो मागवला तर मालक स्वतः येऊन म्हणाले, काकू वीस मिनिटं लागतील, चालेल ना, कारण आधी करून ठेवत नाही. आर्बोरियो म्हणून आखूड जाड तांदूळ असतो, बटरवर परतायचा आणि मग गरम स्टॉक पळीपळीने घालत ढवळत राहायचं, म्हणजे तांदळातला स्टार्च सुटून तो आपोआप दाटसर होतो, क्रीमची गरजच नाही. आईने पहिला घास घेतला, थांबली, आणि म्हणाली अरे हा तर आपला गुरगुट्या भात, फक्त दाणा मधे जरा कच्चट ठेवलाय. कवळीमुळे ती बाहेर फारसं जेवत नाही, पण त्या दिवशी ताटलीच्या कडेचं सुद्धा चमच्याने निपटून घेतलं. मला फार बरं वाटलं.
तुमचेही अनुभव लिहा. मॉलमधले नकोत, असे छोटे, ओळखीचे. वाईट असेल तर हॉटेलचं नाव मात्र नको.

कॅम्पातली
आमच्या लहानपणी पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर टोमॅटो सॉस, कांदा, सिमला मिरची आणि किसलेलं अमूल चीज, आणि तव्यावर झाकण ठेवून. कोरेगाव पार्कात ओशो आश्रमामुळे परदेशी लोक खूप असायचे, त्यांच्यासाठी तिकडे कॅफे निघाले, तिथे मामाने आम्हाला नेलं होतं. पातळ पोळीसारखा बेस, कडेला काळे फोड, आणि सॉस अजिबात गोड नाही! मी रडकुंडीला आले होते, जळलाय म्हणून. मामा म्हणाला खाऊन तर बघ. भट्टी साडेचारशे डिग्रीच्या आसपास तापते आणि नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो, ते फोड त्याचेच, हे खूप नंतर कळलं. आता फोड नसले तर मला चुकल्यासारखं होतं.

बारामती ते पुणे
मी बारामतीच्या पियाजिओमध्ये (व्हेस्पा स्कूटरवाली इटालियन कंपनी) होतो, कामासाठी पोंतेदेराला जाणं झालं, पिसाजवळचं छोटं गाव, कंपनीचं मुख्यालय तिथलंच. रोज संध्याकाळी एकाच त्रात्तोरियात, म्हणजे साध्या घरगुती खाणावळीत जायचो, कागदाचे टेबलक्लॉथ, मेनू फळ्यावर. साडेसातच्या आत स्वयंपाकघर चालूच होत नाही, तोपर्यंत भुकेने जीव जायचा. टस्कनीत ब्रेडमध्ये मीठ घालत नाहीत, पहिल्या दिवशी वाटलं विसरले. पण तोच ब्रेड शिळा झाला की घेवड्याच्या बिया आणि काळपट कोबीच्या पानांसोबत शिजवून रिबोल्लिता करतात, म्हणजे 'पुन्हा उकळलेलं'. मी शाकाहारी, मीट स्टॉक नाही ना एवढं विचारून घेतलं आणि पुढचे दहा दिवस त्यावरच काढले. आमच्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा ताकात करतात, गरीब घरातली बाई सगळीकडे सारखाच विचार करते असं तिथे बसून वाटायचं. बिलात 'कोपेर्तो' म्हणून दोन युरो माणशी दिसले तर दचकू नका, ते बसण्याचे-ब्रेडचे.

पाटीवाचक
वाईट अनुभव लिहिते. सासूबाई अंडंही खात नाहीत. एका ठिकाणी मेनूवर हिरवा ठिपका बघून पास्ता घेतला, वर त्यांनी खऱ्या इटालियन पार्मेसान चीजचा ब्लॉक आणून कौतुकाने किसून घातलं. अस्सल पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरतात, दुसऱ्या कशाने केलेलं चालतच नाही. मी विचारलं तर वेटर म्हणे मॅडम चीज व्हेजच असतं. मॅनेजरलाही माहीत नव्हतं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण ताटली हळूच पुढे सरकवली, आणि ते मला अजून लागून राहिलंय. व्हेजिटेरियन रेनेटची चीजं आपल्याकडे सहज मिळतात हो, वापरा ना, निदान खरं सांगा.

बाणेर किचन
ताई तुमचं बरोबर आहे. मी लातूरचा, सात वर्षं इटालियन किचनलाच आहे. आमच्याकडे तो ब्लॉक वेगळा ठेवतो आणि विचारूनच घालतो. अजून एक सांगतो, बऱ्याच ठिकाणी पास्ता सकाळीच अर्धा उकडून तेल लावून ठेवतात, ऑर्डर आली की गरम पाण्यात बुडवून काढतात, मग सॉस त्याला धरतच नाही, ताटलीत खाली साचतो. तसं दिसलं की समजून जायचं. ताजा करायचा तर शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, आणि शेवटी तेच पिठूळ पाणी पळीभर सॉसमध्ये. पास्ता ड्युरम गव्हाचा असतो, आमच्या गावाकडचा बन्शी गहू ड्युरमच आहे आणि खपली म्हणजे त्यांचा फार्रो. घरी गेलो की आईच्या हातची वरणफळं खातो तेव्हा मला किचनच आठवतं. एप्रिल-मेमध्ये पिझ्झ्याची कणीक फार लवकर फुगते, यीस्ट कमी करून रात्रभर फ्रिजात ठेवतो, तेवढं सांभाळलं नाही तर बेस आंबूस लागतो, तेव्हा बिनधास्त परत पाठवा, आम्हाला राग येत नाही.

गच्चीवरची बाग
औंधच्या एका हॉटेलात पेस्तो (बेझिलच्या पानांची इटालियन चटणी) खाल्ला आणि त्या वासाने वेडीच झाले. मालकीणबाईंना बेझिलचं रोप कुठून आणता विचारलं तर म्हणाल्या, फालुद्यातला सब्जा घरात आहे ना, तोच पेरा, तो बेझिलचाच बी आहे. चिमूटभर कुंडीत भुरभुरला, आठवड्यात उगवला. पानाला जरा बडीशेपेचा वास जास्त आहे, हॉटेलातल्याइतका गोडसर नाही, पण शेंगदाणे आणि लसूण घालून खलबत्त्यात कुटला की घर दरवळतं. फुलं आली की लगेच खुडायची, नाहीतर पानं कडवट होतात.

कोथरूडकर
बाणेर किचन दादा, फार उपयोगी लिहिलंत. इकडे आईने काल आंबेमोहोराचा रिसोट्टो केला, भाज्यांच्या पाण्यात, चीज थोडंच. अर्धा डबा मला त्या मालकांकडे पोचवायला लावला. त्यांनी काउंटरपाशी उभ्यानेच खाल्ला आणि विचारलं, काकूंनी तांदूळ कुठून आणला.