पार्मेनिडीस आणि मायावाद: थोडी भर
पार्मेनिडीस हा सॉक्रेटिसच्या आधीचा ग्रीक तत्त्वज्ञ; बदल, उपजणं-नासणं हा निव्वळ भास, असं त्याचं म्हणणं. म्हणून 'पार्मेनिडीस म्हणजे ग्रीकांचा मायावाद' (जग हा भास मानणारं वेदान्ती मत) असं कुणी म्हणतं. तुलना मोहात पाडणारी आहे, पण त्याची वाट निराळी. त्याच्या काव्यात सत्य सांगते एक देवी, आणि तीच बजावते: माझं म्हणणं बुद्धीने पारखून घे. पुढचा युक्तिवाद असा: जे नाही, त्याचा विचारच करता येत नाही. मग जे आहे ते उपजलं कशातून? आणि शून्यातून उपजलंच, तर अमुक वेळीच का, आधी का नाही? याला तोड नाही! काव्याचा हा भाग टिकला तो सिंप्लिकिअस या ग्रीक भाष्यकारामुळे. ग्रंथ दुर्मिळ झाला म्हणून सहाव्या शतकात त्याने लांब उतारे उतरवून ठेवले. गंमत म्हणजे, चंद्राचा प्रकाश उसना आहे हे अचूक निरीक्षण मात्र 'मर्त्यांची मतं' या भागात येतं, म्हणजे देवी ज्याला फसवं म्हणते त्याच भागात.