मान-पाठदुखीचे चिनी बिंदू: गुण जागेचा की दाबण्याचा?

उपद्व्यापी
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या अ‍ॅक्युप्रेशरच्या तक्त्यांचा पाऊस पडतोय. मानेला फेंगची, खांद्याला जिआनजिंग, कंबरेला वेइझोंग. दाबल्या-चोळल्याने बरं वाटतं, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो ‘अमुकच जागी दाबा’ याबद्दल. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चिनी बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधं-व्यायाम. सहा महिन्यांनी गुण आलेले: ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के. खरी जागा आणि खोटी जागा जवळजवळ सारखीच! मग तो नकाशा कशाला उराशी धरायचा?

अंगठाबहाद्दर
सोयीचे तेवढेच आकडे वाचलेत. नेहमीच्या उपचारांपेक्षा दोन्ही सुईवाले गट दीडपटीहून पुढे आहेत, ते कुठे गेलं? शिवाय तो अभ्यास सुयांचा. अंगठ्याचा हवा असेल तर तैवानचा बघा, २००६ चा. १२९ रुग्ण, एकीकडे अ‍ॅक्युप्रेशर, दुसरीकडे फिजिओथेरपी. सहा महिन्यांनंतरही अ‍ॅक्युप्रेशरवालेच पुढे होते.

आणि तक्ता बघून दाबणारे बहुतेक चुकीचंच दाबतात. फेंगची म्हणजे कवटीच्या बुडाशी, मानेच्या दोन जाड स्नायूंच्या मधला खळगा. दोन्ही अंगठे तिथे ठेवायचे, डोकं किंचित मागे टेकवायचं आणि श्वास सोडत तिरपा, वरच्या दिशेला दाब द्यायचा. सरळ दाबलंत तर नुसती कातडी घासते. वेइझोंग गुडघ्यामागच्या घडीच्या बरोबर मध्यावर. कंबर-पाठीसाठी वेइझोंग, हे तिकडचे विद्यार्थी मिंग राजवटीच्या काळापासून पाठ करत आलेत.

उपद्व्यापी
पाठ तर आम्ही पाढेही केले! तैवानच्या अभ्यासात खोटे बिंदू दाबलेला गट होता का? नव्हता. म्हणजे दाबणं कामाचं ठरलं, बिंदू नाही.

सोलापुरी_चादर
डॉ. कोटणीसांच्या गावचा आहे, चीनबद्दल वाकडं ऐकून घेणार नाही. 😄 आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरसाठी कायदा केलाय, तो काय उगाच?

उपद्व्यापी
कोटणीस १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकातून युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले होते, बिंदू शिकायला नाही. ती विद्या पुढे त्याच पथकातले डॉ. बसू शिकून आले. कायद्याने व्यवसायाला चौकट मिळते, बिंदू सिद्ध होत नाहीत.

फिजिओ_ठाणेकर
दोघंही थोडं दमाने. जिआनजिंग म्हणजे मानेचा तळ आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध. लॅपटॉपवर वाकून बसणाऱ्यांना नेमकी तिथेच गाठ लागते, त्यामुळे तिथे दाबल्यावर ‘आहाहा’ होणारच. त्यासाठी मेरिडियन, म्हणजे हे बिंदू जोडणाऱ्या ऊर्जेच्या वाटा, मानायची गरज नाही. पण जागा कुठलीही चालते, हेही मला पटत नाही. दुखरी जागा हाताला सापडावी लागते. तज्ज्ञांचंही एकमत नाहीच: उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, तर अमेरिकन फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये ते पर्यायांच्या यादीत घेतलं.

लघवी अडकली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर बिंदू शोधत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल तर वेइझोंगला हातही लावू नका.

माहेरवाशीण
जिआनजिंग आणि हातावरचा हेगू गरोदरपणी दाबायचा नाही, असं चिनी परंपराच सांगते ना? आमच्याकडे आलेल्या तक्त्यात त्याबद्दल चकार शब्द नाही.

अंगठाबहाद्दर
बरोबर सांगितलंत. अर्धवट तक्ते पुढे ढकलणाऱ्यांनीच आमचं नाव घालवलंय.

उपद्व्यापी
चला, यावर तरी एकमत. मग असं करू: खरी जागा कुठली, खोटी कुठली हे माणसाला न सांगता दाबून बघू.

अंगठाबहाद्दर
खुशाल. पण दोन्हीकडे अंगठा माझाच असेल, तुमचा नाही.